तिम्नाचे तांबे: शलमोन राजाच्या खाणी खऱ्या की खोट्या?



मागच्या अंकात आपण मृत समुद्राच्या मिठाची गोष्ट केली. ती वाचून अश्दोदच्या एका आजीबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मीठ झालं, आता तांब्याचं सांगा. माझ्याकडे आईचा तांब्याचा हंडा आहे, अलियाच्या वेळी कपड्यांत गुंडाळून आणलेला. नातवंडं विचारतात, सव्ता, हे तांबं येतं कुठून? मी सांगते, दुकानातून!"

आजीबाई, तुमचा हंडा बहुधा आपल्या महाराष्ट्रातल्या एखाद्या तांबटाने ठोकलेला असेल. पण तांबे आपल्या या देशातही निघते, अगदी दक्षिणेला, तिम्नाच्या दरीत. जगाच्या हिशेबाने हा साठा लहानच. मोठमोठ्या देशांच्या खाणींपुढे तिम्ना म्हणजे समुद्रापुढे तांब्याभर पाणी. पण या लहानशा साठ्यावरून विद्वानांमध्ये जेवढे वाद झाले तेवढे मोठ्या खाणींवरूनही झाले नसतील.

खरे सांगायचे तर हा विषय आम्ही बरेच दिवस टाळत होतो. कारण यात आमचीही एक चूक आहे. तिम्नाविषयी आम्ही आमच्या घरात एक गोष्ट सांगितली, ती खोटी ठरली, आणि पुढे ती पुन्हा थोडीशी खरी ठरली. आज सगळे सांगून मोकळे होतो.

आधी दगड, मग राजे

एलातहून ९० नंबरच्या रस्त्याने उत्तरेला साधारण पंचवीस-तीस किलोमीटर गेले की डाव्या हाताला तिम्नाची दरी लागते. दरीचा आकार घोड्याच्या नालासारखा. तीन बाजूंनी उंच कडे आणि पूर्वेची बाजू अरावाकडे उघडी. क्षेत्रफळ सुमारे ६० चौरस किलोमीटर. मध्यभागी काळपट-तांबूस डोंगर आहे, तो हर तिम्ना.

मुलांनो, बिर्याणीचे थर पाहिले आहेत ना? तिम्नाचे दगड तसेच थरांनी रचलेले आहेत. सगळ्यात खाली ग्रॅनाइट आणि त्याच्यासारखे, पृथ्वीच्या पोटातल्या वितळलेल्या रसापासून झालेले खडक. त्यांचे वय साठ कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. त्यावर पन्नास कोटी वर्षांहून जुने वाळूचे, चिकणमातीचे आणि डोलोमाइटचे थर. त्या काळी इथे उथळ समुद्र होता. त्यावर लाल आणि पांढरे वालुकाश्म, त्यांतले वरचे दहा कोटी वर्षांहून थोडे अधिक जुने. आणि सगळ्यात वर, पुन्हा आलेल्या समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक. कड्याच्या माथ्यावर जो फिका थर दिसतो तो हाच.

आता तांबे यात आले कुठून? खालच्या जुन्या खडकांत ते अगदी थोडे, विखुरलेले होते. ते खडक झिजले, पाण्यात तांबे विरघळले आणि पाण्याबरोबर वरच्या थरांत जाऊन बसले. पुढे पुन्हा पाणी फिरले, पुन्हा थोडे तांबे विरघळले आणि आणखी वरच्या पांढऱ्या वालुकाश्मात जाऊन साचले. तिथे त्याच्या गोट्या झाल्या. बाहेरून हिरव्या, फोडल्या तर आत काळपट. हिरवा भाग म्हणजे मॅलाकाइट आणि त्याचे भाऊबंद, काळा भाग म्हणजे चाल्कोसाइट, म्हणजे तांबे आणि गंधक यांचा संयोग. तांब्याच्या जुन्या भांड्याला ओल लागली की हिरवे जंगाल चढते, ते आपल्या आयांनी हजार वेळा घासून काढले आहे. मॅलाकाइट म्हणजे जवळजवळ तेच, फक्त डोंगराच्या पोटात, सावकाश झालेले.

एलातच्या दुकानांत निळा-हिरवा 'एलात दगड' मिळतो, तोही याच घराण्यातला. मॅलाकाइट, अझुराइट, क्रिसोकोला अशा तांब्याच्या खनिजांची ती खिचडी आहे. मात्र आज दुकानात मिळणारा प्रत्येक दगड एलातचाच असेल असे समजून पाकीट उघडू नका, बरं का!

आणखी एक गंमत. अरावाच्या खालून पृथ्वीच्या कवचाची मोठी भेग जाते. तिच्या पूर्वेचा भाग, म्हणजे आजचा जॉर्डन, पश्चिमेच्या भागाच्या मानाने उत्तरेकडे सरकत आला आहे. सुमारे दोन कोटी वर्षांत तो एकंदर १०५ किलोमीटर सरकला. म्हणजे वर्षाला सरासरी पाच मिलिमीटर, तुमच्या नखांच्या वाढीपेक्षाही कितीतरी हळू. आता नकाशावर पाहा. जॉर्डनच्या बाजूला, तिम्नाच्या बऱ्याच उत्तरेला फेनान नावाची जागा आहे. तिथेही तांबे आहे आणि तिथले थर तिम्नाच्या थरांशी जुळतात. कारण एके काळी या दोन जागा शेजारी शेजारी होत्या. भेगेने त्यांची ताटातूट केली. बमिदबारमध्ये आपल्या पूर्वजांच्या मुक्कामांत पुनोन हे नाव येते, ते हेच फेनान असावे असे अभ्यासक मानतात.

पहिली गोष्ट: शलमोन राजा

आम्ही तिम्ना पहिल्यांदा पाहिले ते १९६८ साली. देशात येऊन फार वर्षे झाली नव्हती. बेएर शेवाहून बस निघाली, डब्यात चपात्या आणि अंड्याचे कालवण. लाल दगडाच्या त्या अवाढव्य खांबांखाली आम्ही उभे राहिलो आणि वाटाड्या म्हणाला, "हे शलमोन राजाचे खांब आणि या शलमोन राजाच्या खाणी. बेथ हमिक्दाशसाठी तांबे इथूनच गेले." अंगावर काटा आला. लहानपणी कोकणात कंदिलाच्या उजेडात ज्या राजाच्या गोष्टी ऐकल्या, त्याच्या अंगणात आपण उभे आहोत! घरी आलो आणि मुलांना सांगितले. मुले मोठी झाली, त्यांच्या मुलांनाही सांगितले. आणि सांगताना दर वेळी त्यात थोडे मीठमसाला वाढवलाच.

पण ही गोष्ट आली कुठून? तोरा आणि तनाख उघडून पाहा. देवारीमच्या आठव्या अध्यायात या देशाच्या डोंगरांतून तांबे काढता येईल असे सांगितले आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकात मंदिरासाठी तांब्याचे मोठमोठे ओतकाम झाल्याचे वर्णन आहे, पण ते यार्देन नदीच्या खोऱ्यात. शलमोन राजाने अरावात खाणी खणल्या असे कुठेही लिहिलेले नाही! 'शलमोन राजाच्या खाणी' हे शब्द लोकांच्या तोंडी बसले ते रायडर हॅगर्ड या इंग्रज लेखकाच्या १८८५ सालच्या कादंबरीमुळे. त्या कादंबरीतल्या खाणी आफ्रिकेत आहेत आणि त्यांत तांबे नाही, हिरे आहेत.

तिम्नाच्या शोधाचा इतिहास असा. १८४५ साली जॉन पेथरिक नावाचा वेल्श खाणतज्ज्ञ या भागातून गेला आणि इथल्या तांब्याची नोंद करून गेला. त्या काळी दरीला अरबीत मेनेइये म्हणत. १९०२ साली आलोइस मुसिल हे संशोधक येऊन गेले. १९३४ साली फ्रिट्स फ्रांक या जर्मन गृहस्थांनी जुन्या भट्ट्यांच्या जागा नोंदल्या. आणि त्याच वर्षी आले नेल्सन ग्लूक.

ग्लूक हे अमेरिकेतले रब्बी आणि पुरातत्त्वाचे मोठे अभ्यासक. उंटावर बसून, एका हातात तनाख आणि दुसऱ्या हातात खापरे घेऊन त्यांनी जॉर्डन आणि नेगेव पालथे घातले. तिम्नाला त्यांना काळ्या मळीचे ढीग दिसले. मळी म्हणजे तांबे वितळवल्यावर उरणारा काचेसारखा दगड. तिथली खापरे पाहून त्यांनी ठरवले की हा इसवी सनापूर्वीच्या दहाव्या शतकाचा, म्हणजे शलमोनाचा काळ. एका टेकडीभोवती त्यांना भिंत दिसली. एवढ्या उन्हात कोण आपण होऊन काम करील? नक्कीच गुलाम कोंडले असतील, असे मानून त्यांनी तिला नाव दिले 'गुलामांची टेकडी'. पुढे १९३८ ते १९४० या काळात त्यांनी अकाबाजवळ तेल एल-खेलेइफे इथे खोदले आणि जाहीर केले की हेच शलमोनाचे एझ्योन-गेबेर बंदर, आणि इथे तांबे गाळण्याचा प्रचंड कारखाना होता. ग्लूक यांचे नाव एवढे गाजले की १९६३ साली 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र आले. आमच्या वाटाड्याची गोष्ट ही तिथून आलेली होती.

दुसरी गोष्ट: फारोची माणसे

आता पुढचे ऐका. १९९० च्या दशकात आमचा थोरला नातू शाळेच्या तियूलवरून परत आला. बूट काढायच्या आधीच म्हणाला, "सबा, तू आम्हाला खोटं सांगितलंस! ते खांब पावसावाऱ्याने झालेत आणि खाणी शलमोनच्या नाहीत, मिसरच्या फारोच्या आहेत. मोरा म्हणाली." सगळ्या घरासमोर! आम्ही म्हटले, "तुझ्या मोराला काय ठाऊक?" आणि पुढच्या आठवड्यात गुपचूप वाचनालयात गेलो. मोरा खरे बोलत होती.

झाले होते असे. ग्लूक यांच्या मोहिमांत छायाचित्रकार म्हणून फिरलेले बेनो रोथेनबर्ग १९५९ पासून स्वतःची मोहीम घेऊन अरावात उतरले. १९६४ पासून त्यांनी तिम्नात खोदायला सुरुवात केली. ज्या खांबांखाली आम्ही १९६८ साली डबा उघडून बसलो होतो, त्यांच्याच पायथ्याशी १९६९ साली त्यांना एक लहानसे देऊळ सापडले. मिसरच्या हाथोर देवीचे. त्यात भांडी, मणी, नवसाच्या वस्तू हजारोंनी, आणि त्यांवर फारोंची नावे कोरलेली, रामसेस पाचव्यापर्यंतची. १९७२ साली तिथेच वर कड्यावर रामसेस तिसऱ्याचे कोरलेले चित्रही सापडले. म्हणजे काळ इसवी सनापूर्वीचे तेरावे-बारावे शतक. शलमोनाच्या किमान दीडशे-दोनशे वर्षे आधीचा!

मिसरी लोक गेल्यावर त्याच जागी मिद्यानी लोकांनी कापडाचा मांडव घालून आपले पूजास्थान केले, असे रोथेनबर्ग यांनी मांडले. त्यात एक तांब्याचा साप मिळाला, जेमतेम १२ सेंटीमीटरचा, डोक्यावर सोन्याचा मुलामा. बमिदबारच्या एकविसाव्या अध्यायातला मोशे रब्बेनूंचा तांब्याचा साप कोणाला आठवणार नाही? हिब्रूत साप म्हणजे नाहाश आणि तांबे म्हणजे नेहोशेत, शब्दही कसे जवळजवळचे! पण साप मिळाला म्हणून लगेच 'हाच तो' म्हणायचे नाही, एवढे शहाणपण तोवर आम्हाला आले होते.

खाणीही मोजल्या गेल्या. जर्मनीतल्या बोखुमच्या खाण-संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी रोथेनबर्ग यांच्याबरोबर काम केले. दरीभर जुन्या विहिरींसारख्या खाणी निघाल्या, सुमारे ९,०००! काही ३० मीटरपेक्षाही खोल. आत उतरायला भिंतीत पाय ठेवण्यापुरत्या खोबणी, आणि तळाशी आडवी बोगदेवजा बिळे. बहुतेक विहिरी वाऱ्याने आलेल्या वाळूने भरल्या आहेत. वरून पाहिले तर जमिनीवर गोल ताटे मांडल्यासारखी दिसतात.

आणि ग्लूक? तेल एल-खेलेइफेला तांबे गाळण्याचा कारखाना नव्हता, हे त्यांनी १९६५ साली स्वतः लिहून मान्य केले. मुखपृष्ठावर छापून आलेल्या माणसाने दोनच वर्षांत 'माझे चुकले' म्हणायचे, हे सोपे नाही. आम्हाला तर एका नातवासमोर म्हणायला आठवडा लागला. पण म्हटले. नातू हसला आणि म्हणाला, "बसेदेर, सबा."

तिसरी गोष्ट: खजुराच्या बिया

एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण विज्ञान कुठे थांबते!

२०१२ च्या सुमारास तेल अवीव विद्यापीठाचे एरेझ बेन-योसेफ आणि त्यांचे सहकारी तिम्नात उतरले. 'गुलामांच्या टेकडी'वर त्यांनी खोदले आणि मळीच्या ढिगांतून खजुराच्या बिया, कोळसे, कापडाचे तुकडे आणि चक्क गाढवांची लीद गोळा केली. तीन हजार वर्षांची लीद! वाळवंटाच्या कोरड्या हवेत ती तशीच राहिली. तपासली तेव्हा कळले की गाढवांना द्राक्षांचा चोथा घालत होते, आणि तो लांबून आणलेला होता.

मुलांनो, बियांवरून काळ कसा कळतो? झाड हवेतून कार्बन घेते. त्यात थोडा एका विशेष प्रकारचा असतो, कार्बन-१४. बी तयार झाली की नवा कार्बन येणे थांबते आणि असलेला कार्बन-१४ हळूहळू कमी होत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा. किती उरला ते मोजले की बीचे वय कळते. खापरावरून विद्वान भांडू शकतात, बीशी भांडता येत नाही.

आणि बियांनी काय सांगितले? इसवी सनापूर्वीचे अकरावे ते नववे शतक. म्हणजे मिसरी लोक गेल्यानंतर तिम्नाचा मोठा उद्योग चालला तो दाविद आणि शलमोन यांच्याच काळात! ग्लूक यांचा काळाचा अंदाज निदान काही जागांसाठी बरोबर निघाला.

मात्र माणसांबद्दल त्यांचे चुकले. भट्टीवर काम करणारे कोंडलेले गुलाम नव्हते. हाडे सांगतात की त्यांना शेळ्यामेंढ्यांचे चांगले मांस मिळे, मासे तर भूमध्य समुद्राकडून येत. कापडे उत्तम लोकरीची, मंजिष्ठेने लाल आणि निळीने निळी रंगवलेली. २०२१ साली जाहीर झाले की एका तुकड्यावरचा जांभळा रंग खरा अर्गामान आहे, समुद्राच्या गोगलगायींपासून काढलेला, इसवी सनापूर्वी १००० च्या आसपासचा. तोरात ज्याचे नाव वारंवार येते तो हा रंग! आणि खरेच आहे. तांबे १,०८५ अंशांना वितळते. मातीच्या लहान भट्टीत, भाते मारून, कोळशावर त्याहूनही जास्त उष्णता आणायची आणि दगडातून धातू वेगळा करायचा. हे ज्याला जमते तो कारागीर. त्याला मारून मुटकून काम करून घेता येत नाही, त्याचा मान ठेवावा लागतो. आपले शनवार तेली पूर्वज घाण्यावर बसत. हातातल्या कसबाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग ही माणसे कोणाची? बेन-योसेफ म्हणतात, एदोमची. म्हणजे एसावचे वंशज, तंबूत राहणारे, पण संघटित आणि श्रीमंत. बेरेशीतच्या छत्तिसाव्या अध्यायात एदोमच्या सरदारांची यादी आहे, त्यात एकाचे नाव आहे तिम्ना! दाविद राजाने एदोमात आपली ठाणी बसवली असे शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. तेव्हा या तांब्यातले काही यरुशलेमला गेले असेल का? गेले असेलही. पण शलमोन राजाचा हुकूम तिथे चालत होता असे दाखवणारी एकही वस्तू अजून निघालेली नाही. काळ जुळला, राजाची सही मिळालेली नाही.

हा उद्योग बंद का पडला? २०२२ साली कोळशांच्या अभ्यासातून एक उत्तर पुढे आले. भट्ट्यांना सुरुवातीला रोतेमचे आणि बाभळीच्या जातीचे उत्तम लाकूड जाळत. काळाबरोबर लाकडाचा दर्जा उतरत गेला, लाकूड लांबून आणावे लागू लागले, आणि इसवी सनापूर्वी ८५० च्या सुमारास सगळे थांबले. तांबे संपले नव्हते, सरपण संपले होते. रोतेम म्हणजे तेच झुडूप, ज्याच्या सावलीत आपले एलियाहू हन्नबी थकून बसले होते. तिम्नाच्या आसपास ते भरपूर होते. ते जाळून टाकले, आणि आजही ती झाडी पूर्वीसारखी झालेली नाही असे अभ्यासकांचे म्हणणे आहे.

चौथी गोष्ट: आपल्या लोकांची

आमच्या काळातली एक गोष्ट कोणी फारशी सांगत नाही, ती आम्ही सांगतो. १९५० च्या दशकात सरकारने तिम्नात नवी खाण काढली आणि दशकाच्या शेवटी तांबे निघू लागले. एलात वसवण्यात या खाणीचा मोठा वाटा. आमच्या ओळखीचे एक काका, मूळचे रोह्याकडचे, तिथे कामाला होते. ते सांगत, "दगडात तांबं शंभराला एक-दीड. दगड फोडायचा, दळायचा, गंधकाच्या आम्लात भिजवायचा. तांबं पाण्यात उतरतं. मग त्यात भंगार लोखंड टाकायचं. लोखंड विरघळतं आणि तांबं वर येऊन बसतं. जादू! पण नाकाकडे विचारू नका."

१९७४ नंतर जगात तांब्याचे भाव कोसळले आणि १९७६ साली खाण बंद झाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा थोडी चालली, पुन्हा बंद पडली. एकविसाव्या शतकात एका मेक्सिकन कंपनीने पुन्हा प्रयत्न केला, तोही टिकला नाही. काका नंतर एलातच्या एका हॉटेलात लागले. म्हणायचे, "पूर्वीच्यांचं लाकूड संपलं, आमचा भाव संपला. तांबं आहे तिथेच बसलंय, हसत!"

मग मुलांना काय सांगायचे?

आमची धाकटी नात आता एकोणीस वर्षांची, सैन्यात आहे. परवा शब्बाथला आली तेव्हा आम्ही हे सगळे तिला क्रमाने सांगितले. ती म्हणाली, "सबा, मग आम्ही कोणती गोष्ट खरी धरायची?" आम्ही म्हटले, "जी पुराव्याला टिकेल ती. आणि उद्या नवा पुरावा आला तर तीही बदलायची तयारी ठेव."

आपल्या समाजाला जुन्या गोष्टींचे प्रेम फार, आणि ते असायलाच हवे. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली, म्हणून आपण आपण राहिलो. आणखी एक गंमत बघा. तनाख सांगते की शलमोनाची जहाजे एझ्योन-गेबेरहून, म्हणजे एलातच्या आखातातून, ओफीर नावाच्या देशाला जात. काही विद्वानांनी सुचवले आहे की ओफीर म्हणजे आपले सोपारा, वसईजवळचे. ऐकले की मन कसे हरखते! इकडे तिम्ना, तिकडे कोकण, आणि मध्ये राजाची जहाजे. पण ओफीर कुठे याची उत्तरे अनेक आहेत. सोपारा हे त्यांतले एक, सिद्ध झालेले नाही. तेव्हा नातवंडांना जरूर सांगा, पण शेवटी 'असे काहीजण म्हणतात' हे तीन शब्द जोडायला विसरू नका. १९६८ साली आम्ही ते तीन शब्द जोडले असते, तर नातवासमोर खाली बघायची वेळ आली नसती.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे: तिम्नात आता मोठे उद्यान आहे. गाडी खांबांपर्यंत जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनीही घाबरू नये. थंडीच्या दिवसांत जा, सकाळी लवकर जा, टोपी आणि पाणी भरपूर घ्या. दगड उचलून खिशात घालू नका, मनाई आहे. तांब्याचा साप पाहायचा असेल तर तो तेल अवीवच्या एरेत्झ इस्राएल संग्रहालयात आहे.

मुलांसाठी घरचा प्रयोग (आजी किंवा आजोबा जवळ असतानाच करायचा): तांब्याचे जुने, काळे पडलेले एक भांडे घ्या. एका वाटीत लिंबाचा रस आणि मीठ मिसळा आणि त्याने भांडे घासा. भांडे लखलखेल. आता तो घासलेला हिरवट रस वाटीत गोळा करा आणि त्यात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा बुडवून ठेवा. काही वेळाने खिळ्यावर तांबूस लेप दिसेल. हीच रोह्याच्या काकांची जादू! रस चाखायचा नाही, प्रयोग झाला की फेकून द्यायचा आणि हात धुवायचे. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात का कळकतो, तेही आता तुम्हाला आपोआप समजेल.

आणि दोन प्रश्न. एक: तिम्ना आणि फेनान एकमेकांपासून का दुरावले? दोन: बिया खापरांपेक्षा चांगल्या साक्षीदार का? उत्तरे मराठीत, हिब्रूत, कशीही लिहा, आम्ही वाचू. अश्दोदच्या आजीबाई, नातवंडांनी हंडा घासला की आम्हाला फोन करा.

पुढच्या अंकात भेटूच. तोवर शब्बाथ शालोम आणि सर्वांना आरोग्य लाभो.